काम चालू, पगार बंद

पगाराचा दिवस कसा असतो, हे नोकरदाराच्या घरात सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशी वाण्याची उधारी फिटते. घरभाडे दिले जाते. मुलांच्या वह्या-पुस्तकांचे भागते. आता असे समजा, की पगाराचा दिवस उजाडला आणि पगार आलाच नाही. मालकाचे दिवाळे निघालेले नाही. कामगाराच्या हातून काही चूक झालेली नाही. तिजोरीतला पैसा संपलेला नाही. तरी पगार नाही. आणि वर हुकूम काय, तर "उद्या वेळेवर कामावर या."

"असं कुठं असतं का?" असे तुम्ही म्हणाल. असते. अमेरिकेसारख्या धनवान देशात असे घडले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. ते कसे घडते, का घडते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. गोष्ट परक्या मुलखातली आहे. पण सरकारी पैसा कोणाच्या हुकमाने खर्च व्हावा, हा प्रश्न सर्वांचा आहे. तुमचा आणि आमचाही आहे.

तिजोरी कोणाची?

आपल्या ग्रामपंचायतीचेच उदाहरण घ्या. वर्षात किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च होईल, हे आधी कागदावर मांडावे लागते. त्याला अंदाजपत्रक म्हणतात. सरपंचाच्या मनात आले आणि त्याने पैसा उचलून खर्च केला, असे चालत नाही. कारण तो पैसा गावाचा आहे.

देशाच्या तिजोरीचेही तसेच आहे. पूर्वी राजाच्या मनाला येईल तसा पैसा खर्च होई. राजाला लढाई करायची हुक्की आली, की रयतेच्या मानेवर नवा कर बसे. म्हणून लोकांनी ठरवले, की तिजोरीला कुलूप हवे आणि किल्ली आपल्या प्रतिनिधींच्या हाती हवी.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तिच्यात हे कुलूप आहे. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय सरकारी तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. नियम चांगला आहे. तो लोकांच्या हिताचा आहे. ही गोष्ट आधी मनात पक्की धरा. पुढे तिचा उपयोग होईल.

एक कुलूप, तीन किल्ल्या

हे कुलूप एका किल्लीने उघडत नाही. त्याला तीन किल्ल्या लागतात.

अमेरिकेच्या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचा काही संबंध नाही. या संसदेची दोन सभागृहे आहेत. एक प्रतिनिधिगृह. त्यात ४३५ सभासद असतात आणि ते दोन वर्षांसाठी निवडून येतात. दुसरे सिनेट. त्यात प्रत्येक राज्यातून दोन, असे १०० सभासद असतात. त्यांची मुदत सहा वर्षांची. या झाल्या दोन किल्ल्या. तिसरी किल्ली राष्ट्राध्यक्षाच्या हाती. तो चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो.

खर्चाचा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर करावा लागतो. मग त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते. शिवाय सिनेटमध्ये चर्चा थांबवून मत घ्यायचे, तर बहुतेक वेळा १०० पैकी ६० जणांचा होकार लागतो. एवढे सभासद एकाच पक्षाचे असतात, असे क्वचितच घडते. म्हणजे दोन्ही पक्षांचे थोडे तरी जमल्याशिवाय गाडा पुढे सरकत नाही.

तिकडे सरकारी हिशेबाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याच्या आत मंजुरी मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर थोड्या दिवसांची तात्पुरती मंजुरी देतात आणि वेळ निभावून नेतात. पण तात्पुरत्या मंजुरीवरही एकमत झाले नाही, तर मात्र कुलूप बंदच राहते. मग सरकारी कामाला टाळे लागते.

फुकट काम करायलाही बंदी

तुम्ही म्हणाल, "भांडण मिटेपर्यंत लोकांनी काम करीत राहावं. पगार मागाहून घ्यावा." पूर्वी बरेचसे असेच चाले. मंजुरीला चार दिवस उशीर झाला, तरी कचेऱ्या उघड्या राहत.

पण १८८४ सालचा एक जुना कायदा आहे. त्या काळी काही खाती मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च करून बसत. माणसांकडून आधी काम करून घेत आणि मग संसदेकडे येऊन म्हणत, "आता यांचे पैसे द्या." संसदेला नाही म्हणता येईना. ही खोड मोडण्यासाठी कायदा झाला. मंजुरी नसताना खर्च करायचा नाही. एवढेच नाही, तर कोणी आपखुशीने फुकट काम करू लागला, तरी ते घ्यायचे नाही. सवलत एकच. माणसाचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल, तर काम चालू ठेवता येते.

१९८० साली बेंजामिन सिव्हिलेटी हे अमेरिकेच्या सरकारचे मुख्य कायदा-अधिकारी होते. त्यांनी या जुन्या कायद्याचा अर्थ कडक लावला. मंजुरी नसेल तर काम थांबवा, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून कचेऱ्या खरोखरीच बंद पडू लागल्या. १९९५-९६ च्या हिवाळ्यात एकदा ५ दिवस आणि एकदा २१ दिवस सरकारी काम अडले. २०१३ साली १६ दिवस अडले.

दोन भावांची दोन दुखणी

सरकारी काम अडले, की नोकरांचे दोन भाग पडतात. समजा, एका घरात दोन भाऊ आहेत आणि दोघेही सरकारी नोकर आहेत.

थोरला एका कचेरीत लिहिण्याचे काम करतो. त्याला सांगतात, "घरी बसा. बोलावू तेव्हा या." त्याला कचेरीत पाऊल टाकता येत नाही. घरी बसून कचेरीचे कामही करता येत नाही. या बिनपगारी सक्तीच्या रजेला तिकडे 'फर्लो' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द तुरुंगातल्या कैद्याच्या रजेला लावतात. कैद्याला फर्लो मिळाली, की त्याच्या घरी आनंद होतो. तिकडे नोकराला फर्लो मिळाली, की त्याच्या घरी चिंता पडते.

धाकटा विमानतळावर प्रवाशांचे सामान तपासतो. त्याचे काम जिवाच्या सुरक्षिततेचे. म्हणून त्याला सांगतात, "रोज या. पगार मात्र आत्ता नाही." तुरुंगातले पहारेकरी, सरहद्दीवरचे रखवालदार, विमानांना वाट दाखवणारे, वादळाची आगाऊ खबर देणारे, हे सारे या दुसऱ्या भागात येतात.

कोणाचे दुखणे मोठे? थोरल्याला बेकारीचा भत्ता मागता येतो. पुढे थकलेला पगार मिळाला, की तो भत्ता परत करावा लागतो. पण तेवढाच वेळेला आधार. धाकट्याला बहुतेक ठिकाणी तोही मिळत नाही. कारण कागदावर तो बेकार नाही, कामावर आहे! उलट कामावर जायला त्याला रोज गाडीभाडे मोडावे लागते. मूल सांभाळणाऱ्या बाईचे पैसे द्यावे लागतात.

"मग त्यांनी संप का करू नये?" त्यालाही बंदी आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांना संप करता येत नाही. १९८१ साली विमानांना वाट दाखवणाऱ्या नोकरांनी पगारवाढीसाठी संप केला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ११ हजारांहून अधिक नोकरांना कामावरून काढून टाकले. ती आठवण अजून बुजलेली नाही.

आता एक गोष्ट ऐका. तिकडे केंद्राचे सारेच पैसे दर वर्षीच्या मंजुरीवर अवलंबून नसतात. काही खर्च कायमच्या कायद्याने चालतात. म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन त्यामुळे चालू राहते, ही चांगली गोष्ट. पण संसदेच्या सभासदांचा पगारही चालूच राहतो. राष्ट्राध्यक्षाचाही राहतो. म्हणजे किल्लीसाठी भांडणाऱ्यांची चूल पेटलेली असते. विझते ती दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची. "दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ" अशी आपली म्हण आहे. इथे तिसऱ्याचाच घात होतो.

पस्तीस दिवस

आता २०१८ सालच्या डिसेंबरात काय झाले ते पाहू.

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांना मेक्सिको देशाच्या सरहद्दीवर भिंत बांधायची होती. त्यासाठी त्यांनी ५७० कोटी डॉलर मागितले. विरोधी डेमोक्रॅटिक पक्ष म्हणाला, "एवढा पैसा देणार नाही." कोणी मागे हटेना. २२ डिसेंबरला नाताळाच्या तोंडावर कुलूप बंद झाले. सरकारच्या १५ खात्यांपैकी ९ खात्यांचा पैसा अडला. सैन्य, शिक्षण, आरोग्य अशा बाकी खात्यांना आधीच मंजुरी मिळालेली होती.

सुमारे ८ लाख नोकर या फेऱ्यात सापडले. त्यांतले सुमारे ३ लाख ८० हजार घरी बसले. बाकीचे सुमारे ४ लाख २० हजार पगाराविना राबत राहिले.

तिकडे बहुतेक सरकारी नोकरांना दर पंधरवड्याला पगार मिळतो. ११ जानेवारी २०१९ च्या सुमारास पहिला पगार बुडाला. कित्येकांना पगाराची चिठ्ठी मात्र आली. तिच्यावर देय रक्कम लिहिली होती, शून्य डॉलर.

समुद्रकिनाऱ्याचे रक्षण करणारे एक दल आहे. त्यात सुमारे ४२ हजार जवान होते. हे दल अडलेल्या खात्याकडे असल्यामुळे १५ जानेवारीला त्यांनाही पगार मिळाला नाही. बुडणाऱ्या माणसाला वाचवायला ते जातच होते. त्यांच्या घरची माणसे मात्र धान्य मिळवण्यासाठी दानाच्या कोठीवर रांगेत उभी होती.

"अमेरिकेतली माणसं श्रीमंत. महिनाभर पगार नाही मिळाला तर काय बिघडलं?" असे कोणाला वाटेल. तसे नाही. तिथल्या मध्यवर्ती बँकेने त्याआधी एक पाहणी केली होती. अचानक ४०० डॉलरचा खर्च निघाला, तर तो जवळच्या पैशातून भागवणे दहांपैकी चौघांना जड जाईल, असे तिच्यात दिसले. पगार मोठा दिसतो. पण घरभाडे, कर्जाचे हप्ते आणि औषधपाणी यांत तो हातोहात जातो. पगारावर पोट असलेला माणूस सगळीकडे सारखाच.

वॉशिंग्टन ही अमेरिकेची राजधानी. तिथे एका मोठ्या रस्त्याच्या एका टोकाला संसद आहे. त्याच रस्त्यावर पुढे राष्ट्राध्यक्षाचे घर आहे. होसे आंद्रेस नावाचे एक नामांकित आचारी आहेत. वादळ, भूकंप झाला, की त्यांची संस्था तिथे जाऊन लोकांना जेवू घालते. त्या जानेवारीत त्यांनी या रस्त्यावरच अन्नछत्र उघडले. सरकारी ओळखपत्र दाखवावे आणि गरम जेवण घ्यावे. वादळ नाही, भूकंप नाही, तरी सरकारी नोकर जेवणासाठी रांगेत उभे राहिले.

दिवस जात होते तशी माणसे थकत होती. विमानतळावर सामान तपासणारे बरेच जण आजारपणाच्या रजा घेऊ लागले. काहींनी तर सांगितलेच, की गाडीत तेल भरायला पैसे नाहीत. शेवटी २५ जानेवारीला विमानांना वाट दाखवणारी माणसे कमी पडली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या विमानतळाकडे जाणारी विमाने रोखून धरावी लागली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी तीन आठवड्यांच्या तात्पुरत्या मंजुरीला होकार दिला. ३५ दिवसांनी कुलूप उघडले.

भिंतीचे काय झाले? मागितले होते ५७० कोटी डॉलर. फेब्रुवारीत झालेल्या कायद्यात कुंपणासाठी मिळाले सुमारे १३७ कोटी. मग राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा तिकडे वळवण्याची वाट धरली. म्हणजे ३५ दिवस माणसे उपाशी ठेवून मूळ भांडण मिटले नाहीच.

नुकसान किती झाले, याचा हिशेब संसदेच्याच अंदाजपत्रक कचेरीने मांडला. देशाचे सुमारे १,१०० कोटी डॉलरचे उत्पन्न त्या दिवसांत हुकले. त्यातले बरेचसे पुढे भरून निघण्यासारखे होते. पण सुमारे ३०० कोटी डॉलर कायमचे गेले.

पगार मिळाला, पण कोणाला?

या त्रासातून एक चांगली गोष्ट निघाली. १६ जानेवारी २०१९ रोजी नवा कायदा झाला. असे टाळे लागले, तर उघडल्यावर केंद्राच्या नोकरांना थकलेला सगळा पगार मिळालाच पाहिजे, असे त्यात ठरले. घरी बसवलेल्यांनाही आणि राबलेल्यांनाही. त्याआधी दर वेळी संसदेच्या मर्जीवर ते असे.

पण या कायद्याच्या सावलीत सारे येत नाहीत. सरकारी इमारती झाडणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे, दारावर पहारा देणारे कित्येक जण ठेकेदाराचे नोकर असतात. इमारत बंद, म्हणून त्यांचे काम बंद. त्यांचे ३५ दिवस बुडाले ते बुडालेच. ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याचेच नुकसान कायमचे झाले.

आणि थकलेला पगार मागाहून मिळाला, तरी पोट मागच्या तारखेने भरता येत नाही. हप्ता चुकला, त्याचा दंड बसायचा तो बसतोच.

२०२५ साली हेच पुन्हा घडले. भांडण या वेळी आजारपणाच्या विम्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीवरून होते. १ ऑक्टोबरला टाळे लागले आणि १२ नोव्हेंबरला उघडले. ४३ दिवस! तोवरचे हे सर्वांत लांबलेले टाळे होते. सुमारे १४ लाख नोकर पगाराविना राहिले. त्यांतले निम्म्याहून अधिक रोज कामावर जात होते. या वेळी झळ आणखी खाली पोहोचली. अमेरिकेत सुमारे ४ कोटी २० लाख गरीब लोकांना अन्न विकत घेण्यासाठी सरकारची मदत मिळते. त्यांची नोव्हेंबरची मदतही अडकली.

आपल्याकडे असे होईल का?

आपल्याकडे केंद्र सरकारला असे टाळे सहसा लागणार नाही. कारण आपली घडी वेगळी आहे. आपल्याकडेही संसदेच्या मंजुरीवाचून तिजोरीतून पैसा काढता येत नाही. पण आपले मंत्रिमंडळ लोकसभेतल्या बहुमतावर उभे असते. लोकसभेने खर्चाला नकार दिला, तर सरकारला पायउतार व्हावे लागते. मग नवे सरकार येते, नाहीतर निवडणूक होते. राज्यसभा पैशाचे विधेयक १४ दिवसांपेक्षा जास्त अडवून धरू शकत नाही. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर व्हायला वेळ लागणार असेल, तर लोकसभा काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करते. त्याला लेखानुदान म्हणतात. आपल्या घटनेतच ही सोय आहे.

पण म्हणून आपल्याकडे कोणाचा पैसा रखडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. अंगणवाडीच्या ताईला, आशाताईला विचारा. मानधन महिनोन्महिने थकल्याची गोष्ट त्या सांगतील. तिथे कारण वेगळे असते. कधी अनुदान वेळेवर उतरत नाही, कधी कागद एका टेबलावर अडतो. पण घरात होणारी ओढाताण तीच.

कुलूप मोडावे का?

मग काय, तिजोरीचे कुलूपच काढून टाकावे? नाही. कुलूप काढले, तर पुन्हा राजाचा कारभार सुरू होईल. लोकांच्या होकाराशिवाय पैसा खर्च होता कामा नये. तो नियम राहिलाच पाहिजे.

अमेरिकेतच काही जणांनी एक तोड सुचवली आहे. नवी मंजुरी मिळेपर्यंत गेल्या वर्षीइतका खर्च आपोआप चालू राहावा. विस्कॉन्सिन नावाच्या त्यांच्या एका राज्यात तशी रीत आहेही. यावर दुसरी बाजू म्हणते, "असं केलं तर संसद आळशी होईल. जुनंच अंदाजपत्रक वर्षानुवर्षं चालेल." हे म्हणणेही अगदीच चुकीचे नाही. म्हणून वाद अजून चालू आहे.

आम्हाला मात्र एक गोष्ट साधी वाटते. भांडण धोरणाचे असेल, तर ते सभागृहात करावे. भिंत बांधावी की नाही, विम्याला मदत द्यावी की नाही, यावर खुशाल वाद घालावा. पण ज्याने आज काम केले, त्याची मजुरी त्या वादात गहाण टाकू नये. आपण रानात मजूर लावतो. दोघा भावांचा बांधावरून वाद असला, तरी संध्याकाळी मजुराच्या हातावर मजुरी ठेवतोच ना? "आमचं मिटलं की देऊ," असे आपण म्हणत नाही. घराला जे कळते, ते सरकारलाही कळले पाहिजे.

आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा ते हातात घेऊन वाचा. झाडलोट करणाऱ्याचा, पाणी सोडणाऱ्याचा पगार त्यात कुठे लिहिला आहे ते पहा. तो वेळेवर मिळतो का, ते उभे राहून विचारा. तिजोरीची एक किल्ली तुमच्याही हाती आहे.

विचार करा आणि सांगा

१. मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येऊ नये, हा नियम लोकांच्या हिताचा का आहे?

२. घरी बसवलेला नोकर आणि पगाराविना राबणारा नोकर, यांत कोणाची अडचण मोठी? का?

३. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना थकलेली मजुरी का मिळाली नाही?

४. तुमच्या गावात कोणाचा पगार किंवा मानधन वेळेवर मिळत नाही? त्याची चौकशी कोठे कराल?